रक्ताच्या नातेवाइकांना कळवावे

१२ जानेवारी

बेबी,

मायना लिहिण्यातच माझा अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं, खोडलं. 'चिरंजीव' लिहिलं तर तू हसशील, आता तूही सत्तेचाळीसची झालीस. म्हणून नुसतंच बेबी.

फोन करून पाहिला. तुझा नंबर लागत नाही. आत्या म्हणाली, "लागतो की, कालच बोलले मी." म्हणजे माझाच लागत नाही. ते राहू दे, त्याबद्दल तक्रार करायला लिहीत नाहीये.

मी दहा दिवस हॉस्पिटलात होते. आता घरी आले आहे, बरी आहे, काळजीसारखं काही नाही. डाव्या पायात रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन बसला होता. लिहिताना एवढंसं वाटतं.

मी अजून त्याच कारखान्यात आहे, काजांच्या मशीनवर. दिवसाला अडीचशे शर्ट, एकेका शर्टाला सात काजं. उजवा पाय पेडलवर हलत असतो, डावा नुसता खाली पडून असतो. गुठळी डाव्यातच झाली. आधी आठ दिवस पोटरी दुखत होती. मला वाटलं गोळा आला असेल, म्हणून तेल लावून रगडून काढली. आता डॉक्टर म्हणतात तेच करायला नको होतं. मग जिना चढताना धाप लागायला लागली. दोन जिने, रोजचेच. मी म्हटलं, वय झालं.

कटिंगमास्तरांनी पाहिलं म्हणून वाचले. ते मोजकं बोलणारे. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचे ओठ बघा आरशात."

"इथे आरसा कुठाय?"

"मग माझ्यावर विश्वास ठेवा आणि खाली बसा."

कापडाच्या गठ्ठ्यांवर बसवलं मला, आणि स्वतः जाऊन गाडी घेऊन आले.

हॉस्पिटलात रक्ताच्या एक वेगळ्या डॉक्टरीणबाई असतात. तुझ्या ठमीपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, "घरात कोणाला असं झालं होतं का? आई, वडील, भावंडं?"

मी म्हटलं, "नाही."

बाब्या अगदी जिभेवर आला होता. पण आपल्या भावाचं नाव घेतलं की पुढचं सगळं सांगावं लागतं, आणि मला बोलताना धाप लागत होती. म्हणून 'नाही' म्हणून टाकलं.

त्यांनी तरीही रक्त तपासायला पाठवलं. काल रिपोर्ट आला. माझ्या रक्तात जन्मापासूनच एक दोष आहे. रक्त जिथे गोठायचं थांबायला हवं तिथे ते लवकर थांबत नाही. हे आईकडून किंवा बाबांकडून येतं, आणि सख्ख्या भावंडांमध्ये असण्याची शक्यता निम्मीनिम्मी. घरी सोडताना दिलेल्या कागदावर शेवटची ओळ आहे : 'रक्ताच्या नातेवाइकांना कळवावे.'

माझ्यामागे ना मूल ना बाळ. रक्ताची नातेवाईक म्हणजे तू, आणि तुझी ठमी. आत्या सांगत होती, ठमीला तिसरा महिना लागलाय, पोटात पाणी ठरत नाही, दिवसभर पडून असते. ते ऐकलं आणि हा कागद घेतला. आत्याला म्हटलं होतं, तूच सांग बेबीला. तिने काय सांगितलं देव जाणे. मला म्हणाली, "सांगितलं गं, तुझं रक्त खराब झालंय म्हणून. ती म्हणाली, ते मला आधीपासून माहीत आहे."

दोघींनी तपासणी करून घ्या. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

ताई


२ फेब्रुवारी
(उघडं कार्ड)

बेबी, पत्र परत आलं. वर शिक्का, 'घेण्यास नकार'. म्हणून हे कार्ड. हे परत करायलाही हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलं की डोळे वाचतातच. पोस्टमन वाचेल, तुझी शेजारीण वाचेल. वाचू दे.

ठमीला तिच्या डॉक्टरांकडे ने. म्हणावं, सख्ख्या मावशीला पायात आणि फुप्फुसात गुठळी झाली, तपासणीत फॅक्टर फाइव्ह लायडन आढळला. हे नाव असंच्या असं दाखव. मामा अडतिसाव्या वर्षी पायाला प्लॅस्टर असताना अचानक गेला हेही सांग. हा दोष अंगात असून कितीतरी लोक काही न होता जगतात. पण गरोदरपण, अंगात पाणी कमी, सतत पडून राहणं, हे सगळं त्यावर चढलं की धोका वाढतो. वेळेवर कळलं तर औषध आहे. पोटरी एकाच बाजूची सुजली, गरम लागली, किंवा धाप लागली तर उद्यावर ढकलायचं नाही. त्याच दिवशी न्यायचं.

माझ्यावर राग आहे तो असू दे. तिला घेऊन जा.

ताई


१९ फेब्रुवारी

बेबी,

तुझं पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती. पाकीट उलटं करून झटकलं, मग उजेडात धरून पाहिलं. फक्त दोन रिपोर्टांच्या झेरॉक्स, एक तुझी, एक ठमीची. दोन्हींवर 'आढळला' या शब्दाखाली पेनाने रेघ. रेघ तूच मारलीस. शाळेत वहीत मारायचीस तशीच आहे, शेवटी जरा वर जाणारी.

तर तिघींना आहे. मी ते कागद घेऊन बसून राहिले. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगू? आधी हायसं वाटलं. तू कार्ड वाचलंस.

तुमचे रिपोर्ट आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, "मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. एक भाऊ होता."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सांगा."

सांगितलं. वायरमन होता, शिडीवरून पडला, घोट्याच्या वरचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लॅस्टर. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, म्हणून धाकट्या बहिणीकडे राहिला, तिचं घर तळमजल्यावर. पाच आठवडे पलंगावर. रोजच्या दहाबारा सिगरेटी. आणि शनिवारी सकाळी तोंड धुवायला उठला तो न्हाणीच्या दारातच पडला. डॉक्टर येईपर्यंत गेला. तेव्हाच्या कागदावर लिहिलं होतं, हृदय बंद पडून.

त्या म्हणाल्या, "पाणी किती प्यायचे?"

मग आठवलं. तूच तेव्हा सांगायचीस, हा मेला पाणीच पीत नाही. बहिणीने धरून संडासला न्यायचं, त्याची त्याला लाज वाटायची. म्हणून पाणीच नको.

बाई बोटांवर मोजत गेल्या. मोडलेलं हाड एक. हलता न येणारा पाय दोन. सतत पडून राहणं तीन. पाणी नाही चार. सिगरेट धरा थोडीशी. आणि खाली, या सगळ्याच्या खाली, जन्मापासून आलेलं ते. "त्यांना आता तपासता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण होतं असं धरून चालू. जन्मजात दोष एकटा असला तर बहुतेक वेळा काही करत नाही. वरून एकेक गोष्ट येते, आणि मग त्यांची बेरीज होत नाही हो, कधीकधी गुणाकार होतो."

माझ्याही गोष्टी मोजून झाल्या. नऊ तास बसून काम. वजन. अंगावरून जास्त जातं म्हणून गोळ्या लिहून दिल्या होत्या, तीन महिन्यांच्या. त्या मी आठ महिने दुकानातून आणून घेत राहिले, कारण डॉक्टरकडे जायचं तर अर्धी रजा टाकावी लागते. त्यातच तापाने पाच दिवस पडून होते. "त्या गोळ्या आणि हा दोष, ही जोडी फार वाईट," म्हणाल्या. ठमीलाही हे सांगून ठेव. बाळंतपणानंतर मूल लांबवायच्या गोळ्या कोणी लिहून दिल्या तर आधी हा कागद दाखवायचा.

आत्याचा तो जाड, काळपट पाय आठवतो? आपण लहान असताना त्याला बाळंतपणाचा पाय म्हणायचो. दुसऱ्या बाळंतपणात सुजला तो कधी उतरलाच नाही. बाई म्हणाल्या, तीही गुठळीच असणार. म्हणजे हे बाबांकडचं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "बघा, माझ्या भावाने तुम्हाला काहीच दिलं नाही असं म्हणत होतात ना?" आणि हसत सुटली. तिला हसता येतं अजून.

आता मला जे लिहायचं आहे ते.

त्या दिवशी तुझ्या घरात, माणसं भरलेली असताना, मी तुला म्हटलं, "तुझ्या घरात राहून मेला तो. तुला साधं लक्ष देता आलं नाही?" तू हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होतीस. काहीच बोलली नाहीस. तू भांडशील, मला चार शब्द सुनावशील असं वाटलं होतं. तू तांब्या खाली ठेवलास आणि आत गेलीस. त्यानंतर आजवर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

ते बोलणं चुकीचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे. तोंडातून निघालं तेव्हाच मला कळलं होतं. पण मी ते परत घेतलं नाही. अकरा वर्षं घेतलं नाही.

लवकर दमते आता. पुरे करते.

ताई


११ मार्च

बेबी,

तुझी चिठ्ठी मिळाली. तीन ओळी. 'ठमीला रोज पोटात इंजेक्शन सुरू केलंय. ती स्वतः घेते, मला बघवत नाही. दादाच्या वेळी माझं चुकलं का, ते तुझ्या डॉक्टरांना विचारून कळव.'

काल जाऊन विचारलं. बाहेर दोन तास बसले. तिथे भिंतीवर लिहिलंय, 'फार वेळ एका जागी बसू नका.' माझ्या शेजारचे एक आजोबा म्हणाले, "मग आत लवकर घ्या म्हणावं." तेवढंच हसले मी दिवसभरात.

बाईंना तुझी चिठ्ठीच दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला लिहा, त्यांचं चुकलं नाही. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं की या घरात असं काही आहे. हाड मोडलेल्याला पडून राहा असंच सांगितलं होतं, त्यांनी तसंच ठेवलं. जेवू घातलं, धुणं केलं, पाच आठवडे उचललं."

मग त्यांनी एक विचारलं. "शेवटच्या दिवसांत ते कोणाला काही म्हणाले होते का? पोटरी दुखते, पाय जड झालाय, धाप लागते, असं काही?"

मी म्हटलं, "बहीण जवळ होती. मी लांब होते."

एवढंच. तुझं चुकलं नाही. हे डॉक्टरांचं उत्तर, जसंच्या तसं.

माझं औषध चालू आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज ठरलेल्या वेळी. कात्री बोटाला लागली तर रक्त बराच वेळ वाहतं, म्हणून मास्तरांनी मला कात्रीचं काम बंद केलंय. ठमीला म्हणावं, इंजेक्शनची जागा रोज बदलत जा, निळे डाग पडतात त्याला घाबरू नकोस. मलाही पडले होते.

ताई


१४ मार्च

बेबी,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि तेव्हापासून दोनदा त्या पेटीपाशी जाऊन आले. त्या पत्रात मी 'मी लांब होते' असं लिहिलं. ते खरं आहे आणि खोटंही आहे.

बाब्याने मला फोन केला होता.

गुरुवार होता, तो गेला त्याच्या दोन दिवस आधीचा. कारखान्यात मोबाइल कपाटात ठेवून घेतात, म्हणून त्याने ऑफिसच्या नंबरवर केला. सुपरवायझर आला, म्हणाला, "घरचा फोन, दोन मिनिटं." आणि माझ्या शेजारीच घड्याळाकडे बघत उभा राहिला. त्या आठवड्यात माझे दोन गठ्ठे उसवून परत आले होते, काजं वाकडी गेली म्हणून. माझं डोकं त्यातच.

बाब्या म्हणाला, "ताई, पायात गोळा बसल्यासारखं वाटतंय. प्लॅस्टर आतून घट्ट झालंय. बोटं सुजलीत बघ."

मी म्हटलं, "प्लॅस्टर आहे, दुखणारच."

"आणि काल संडासला जाऊन आलो तर धाप लागली. म्हाताऱ्यासारखी."

मी काय म्हटलं ते नीट लिहिते. इतकी वर्षं मनातल्या मनात मी ते थोडं मऊ करत आले आहे, पण माझे शब्द हेच होते. "लहान आहेस का तू? बेबीच्या जिवावर पाच आठवडे आयता पडून आहेस, निदान कुरकुर तरी करू नकोस. मला काम आहे."

तो हसला. म्हणाला, "बरं, हेडबाई." मग म्हणाला, "बेबीला सांगू नकोस हं मी असं म्हणालो ते. ती आधीच दमलीये."

मी फोन ठेवला आणि मशीनवर जाऊन बसले. संध्याकाळी फोन करून विचारपूस करावी असं मनात आलं होतं. केला नाही. शुक्रवारीही केला नाही. शनिवारी सकाळी तुझा आला.

त्या दिवशी तुझ्या घरी पायरी चढताना मला एकच भीती होती, की त्याने तुला सांगितलं असेल, ताईला फोन केला होता म्हणून. तू माझ्याकडे बघशील आणि सगळ्यांसमोर विचारशील. तू विचारायच्या आधी मी बोलले. एवढंच होतं ते. लोकांना वाटलं, थोरली बहीण दुःखाने वेडी झालीये. मला समजावत होते सगळे. तुला कोणी समजावलं नाही.

आणि तू गप्प राहिलीस तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, हिला माहीत नाही. सुटले.

डॉक्टरीणबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगते आहे. त्या म्हणतील, तुम्हाला तरी काय माहीत होतं. असेल तसं. पण मला माहीत नव्हतं म्हणून मी तसं बोलले नाही. मला ऐकायला वेळ नव्हता म्हणून बोलले. या दोन्हींत फरक आहे, आणि तो कुठल्या तपासणीत निघत नाही.

तुझं माझ्याशी जरा जुळायला लागलं होतं. हे न लिहिता मी गप्प बसू शकले असते. पण तू विचारलंस, माझं चुकलं का, आणि त्यावर मी तुला डॉक्टरांचं उत्तर पाठवून मोकळी झाले. तुला ते पुरणार नाही. मला माहीत आहे, कारण मला पुरत नाही.

आता तू पत्र परत केलंस तरी मी कार्ड पाठवणार नाही.

ताई


३० जून

बेबी,

साडेतीन महिने झाले. उत्तर नाही. बरोबर आहे, मी वाट पाहायला नको होती. पाहिली मात्र.

आत्याकडून कळतं तेवढं कळतं. ठमीची ओकारी थांबली, आता रोज सकाळ-संध्याकाळ चालते, जावई बरोबर जातो. बाळ पोटात नीट वाढतंय. डॉक्टरांनी बाळंतपणाच्या वेळी इंजेक्शन कधी थांबवायचं आणि परत कधी सुरू करायचं ते कागदावर लिहून दिलंय, आणि तो कागद तू फ्रीजवर लावलास, हेही सांगितलं आत्याने. "तुझं नाव काढलं तर आता फोन ठेवत नाही," म्हणाली. "नुसती गप्प बसते. मला तर फोन ठेवलेलाच बरा वाटायचा."

माझं म्हणशील तर मशीन सुटलं. मास्तरांनी मला तपासणीच्या टेबलावर घेतलं. शर्ट हातात घ्यायचा, काजं बघायची, सुटलेले धागे बघायचे आणि पुढे सरकवायचा. उभ्याने काम, मधून मधून टेबलाभोवती फेरी. पायात घट्ट मोजा, दिवसभर. उन्हाळ्यात जीव नकोसा झाला होता त्याने. पायाची सूज पूर्ण गेलेली नाही, संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो. जाईल म्हणतात. गोळी अजून चालू आहे, बहुतेक कायमचीच.

डॉक्टरीणबाईंना फोनचं सांगितलं एकदाचं. त्यांनी माझी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या घरात असा एक फोन असतो." त्यांनी धीर द्यायला म्हटलं असेल. मी उठून आले.

दमलेय बेबी. झोप होते, जेवण होतं, तरीही सकाळी उठले की वाटतं आत्ताच कुठूनतरी चालत आलेय.

हे पत्र कशासाठी लिहिलं ते मलाच कळत नाही. पाय सांभाळ. तुलाही आहे ते, विसरू नकोस.

ताई


२३ ऑगस्ट

बेबी,

काल दुपारी तुझा फोन आला. फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून वाटलं लिहावं. आता लिहायला बसले तर तिथेही तेच होतंय. म्हणून जे झालं तेच परत लिहिते. तुला माहीत आहे सगळं, तरी माझ्या बाजूने कसं होतं ते कळेल.

जेवणाची सुट्टी होती. मास्तर आले आणि म्हणाले, "बाई, ऑफिसात फोन आहे. घरचा." मी डबा उघडाच टाकून उठले. त्या ऑफिसातला घरचा फोन म्हणजे मला काय वाटतं ते आता तुला ठाऊक आहे. सुपरवायझर नवीन आहे, बिचारा खुर्ची सोडून बाहेर गेला.

"हॅलो" म्हटलं तर तू म्हणालीस, "मुलगी झाली. सकाळी. दोघी ठीक आहेत."

इतक्या वर्षांनी आवाज ऐकला तुझा. जरा जाडा झालाय. आईसारखा.

मी म्हटलं, "बरं."

"नैसर्गिक झालं. रक्त जास्त गेलं नाही. इंजेक्शन आज परत सुरू करतील, सहा आठवडे."

"हो, सहा आठवडे घ्यायलाच हवं. बंद करू देऊ नकोस तिला."

"नाही देणार."

मला वाटलं, लाइन गेली. मी ठेवणार होते. तेवढ्यात तू म्हणालीस, "ताई, त्याने मलाही सांगितलं होतं."

मला आधी कळेचना, कोणी, काय.

"बुधवारी. तुला केला त्याच्या आदल्या दिवशी. मी चादर बदलत होते त्याच्या पलंगावरची. म्हणाला, पोटरीत ठणकतंय बेबी, आणि दम लागतो. मी म्हटलं, दादा, पायाखाली उशी घे, मला अजून स्वयंपाक पडलाय. म्हणाला, ताईला सांगू नकोस, ती घाबरेल उगाच."

तू रडत नव्हतीस. एखादी जुनी यादी वाचून दाखवावी तसं सांगत होतीस.

"तू सगळ्यांसमोर म्हणालीस ना, तुला लक्ष देता आलं नाही. मला वाटलं, हिला कळलं. कसं कळलं ते माहीत नाही, पण कळलं. म्हणून मी काही बोलले नाही. खरंच होतं ते. मार्चमध्ये तुझं पत्र आलं तेव्हा वाचून आधी तुझा राग आला. इतका आला की पत्र फाडणार होते. नंतर किती दिवस पेन घेऊन बसायचे. काय लिहू? तुझं चुकलं नाही असं लिहिलं तर माझंही चुकलं नाही असं म्हणावं लागेल, आणि ते मला म्हणता येत नव्हतं."

मला अजूनही म्हणता येत नाही, बेबी. तेव्हाही आलं नाही. ऑफिसच्या भिंतीला टेकून उभी राहिले. दोघींना सांगितलं त्याने, आणि दोघींना सांगू नकोस म्हणाला. आपण दोघी त्याच्या शब्दाला जागलो.

तू वाट पाहत होतीस मी काय म्हणते त्याची. मी विचारलं, "जेवलीस का?"

"नाही अजून. पहाटेपासून इथेच आहे. जावयाने डबा आणून ठेवलाय."

"मग जेव आधी."

"ठेवू नकोस फोन," तू म्हणालीस.

"नाही ठेवत."

डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग चमच्याचा. मागे कुठेतरी एक बाळ रडत होतं, आपलं की दुसऱ्या कोणाचं ते मी विचारलं नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मास्तरांनी दारातून डोकावून पाहिलं आणि आपणहून दार ओढून घेतलं. तू जेवलीस, सगळं. मी ऐकत होते.

ताई